पुलावरचं उत्तर

“एक वाक्य आहे फक्त,” मी म्हणाले. “एक वाक्य लिहायला तुमचा हात काय झिजणार आहे?”

हे बूट पुसत बसले होते. घरात मदतीला शिपाई असूनही स्वतःचे बूट स्वतः पुसणारा दुसरा अधिकारी मी सगळ्या छावणीत पाहिला नाही. राग आला की हे बूट घेऊन बसायचे. त्या महिन्यात तर ह्यांचे सगळे जोड पुसून झाले, मुलीचे शाळेचे झाले, आणि आता माझ्या चपलांवर पाळी आली होती.

“वाक्य लहान की मोठं हा प्रश्न नाही, कुमुद.”

“मग काय प्रश्न आहे?”

“ते खरं नाही.”

“खऱ्याचं काय लोणचं घालायचंय? अख्खी छावणी सही करते रोज खोट्यावर. ‘सर्व ठीक’ म्हणून सही करतात आणि पाठीमागे नळाला पाणी नसतं!”

ह्यांनी चप्पल खाली ठेवली आणि दुसरी उचलली. बोलणं संपलं असा त्याचा अर्थ होता. मी स्वयंपाकघरात जाऊन भांडी आपटली, कारण तेवढंच हातात होतं.

आता ही काय भानगड होती ते सांगते. पंजाबातल्या एका छावणीत आम्ही होतो त्या वेळची ही गोष्ट. माझे यजमान उदयसिंह इंगवले इंजिनिअर पलटणीत लेफ्टनंट कर्नल होते. नदीवर, कालव्यावर तरंगते पूल टाकायचे आणि त्यावरून रणगाडे पलीकडे काढायचे हे ह्यांचं काम. कर्नल व्हायची वेळ आली होती. कागलला माझ्या आईने तर “आमचं जावई कर्नल झालं” असं अर्ध्या गावाला सांगूनही टाकलं होतं. निवड मंडळ बसलं, निकाल लागला, आणि ह्यांचं नाव त्यात नव्हतं. ह्यांच्या हाताखाली पूल बांधायला शिकलेल्या दोघांची नावं मात्र होती.

बँकेत, कॉलेजात बढती हुकली तर माणूस चार दिवस तोंड पाडून बसतो आणि मग विसरतो. फौजेत विसरता येत नाही, कारण ते खांद्यावर दिसतं. कालपर्यंत जी बाई मला ‘मॅम’ म्हणायची, तिला आज मी ‘मॅम’ म्हणायचं. जेवणाच्या मेजावर ती वरच्या अंगाला बसणार आणि मी खालच्या. मला ह्या गोष्टींचं काही वाटत नाही असं म्हणणाऱ्या बायका मी पाहिल्यात. मी त्यातली नव्हे. मला वाटायचं. चांगलंच वाटायचं.

बढती का हुकली तेही लपून राहिलं नव्हतं. आदल्या हिवाळ्यात मोठा सराव झाला होता. ब्रिगेडियर सोंधींचे रणगाडे ह्यांच्या पुलावरून नदीपार जायचे होते आणि समोरच्या टेकाडावर दुर्बिणी लावून मोठी माणसं बसली होती. ऐन वेळी ह्यांनी पूल बंद केला. पलीकडच्या काठावर पूल ज्या लोखंडी खुंटांना ताणून बांधला होता, ते खुंट भिजलेल्या मातीतून सुटायला लागलेत, असं ह्यांचं म्हणणं. पुलावर पुलाच्या कमांडरचा शब्द शेवटचा, समोर ब्रिगेडियर असो की आणखी कुणी, हा फौजेचाच नियम. सोंधी आरडाओरडा करून थकले, रणगाडे काठावर उभे राहिले, सरावाचा विचका झाला. आणि पूल मात्र रात्रभर जागचा हलला नाही. सकाळी त्याच पुलावरून तेच रणगाडे डौलात पलीकडे गेले.

त्या वर्षी ह्यांचा गोपनीय अहवाल सोंधींनीच लिहायचा होता. फौजेत वाईट शेरा मारला तर तो त्या माणसाला दाखवावा लागतो, म्हणून आम्हाला तो कळला. ‘स्वतःवर जोखीम घेण्याची तयारी नाही.’ एवढाच शेरा होता. शिवी दिली असती तरी चाललं असतं. फौजी माणसाबद्दल असं लिहिणं म्हणजे त्याला सरळ भित्रा म्हणणं.

ह्यांनी शेऱ्याविरुद्ध अर्ज करायचं ठरवलं. तो अर्ज डिव्हिजनचे मेजर जनरल भंडारी यांच्या हातून वर जायचा होता. त्यांच्या ऑफिसातून एकजण हळूच सांगून गेला, की अर्जात एक वाक्य घाला: ‘त्या दिवशी माझा अंदाज चुकला, याची मला जाणीव आहे.’ मग जनरलसाहेब लिहितील, की एका चुकीला एवढी शिक्षा फार झाली, शेरा काढून टाकावा. शेरा निघाला की मंडळ पुन्हा विचार करेल, आणि वर्षभरात ह्यांच्या कॉलरला कर्नलच्या लाल पट्ट्या लागतील.

असं हे सोपं होतं. आणि आमचे हे बूट पुसत बसले होते.

एक गोष्ट मात्र मी ह्यांच्याशी बोलले नव्हते. शेजारच्या मिसेस थापर एकदा साखर मागायला आल्या आणि साखरेपेक्षा जास्त देऊन गेल्या.

“मिसेस इंगवले, तुम्ही मनावर घेऊ नका हं,” असं म्हणून त्यांनी सुरुवात केली, म्हणजे मनावर घ्यावं असंच काहीतरी असणार. “तुम्हा इंजिनिअर लोकांची रीत आहे ना, पहिल्या जड गाडीबरोबर पूल बांधणारा साहेब स्वतः बसून जातो? तर सोंधीसाहेब म्हणाले म्हणे, एवढी शंका असेल तर तू स्वतः बस पहिल्या रणगाड्यात. आणि इंगवलेसाहेब बसलेच नाहीत.”

“कोण म्हणतं?”

“सगळेच म्हणतात.”

त्या दिवशी हे घरी आल्याबरोबर मी दारातच विचारलं, “सोंधींनी तुम्हाला रणगाड्यात बसायला सांगितलं होतं?”

“हो.”

“बसलात?”

“नाही.”

एवढं बोलून हे आत गेले. मीही पुढे काही विचारलं नाही. आपला नवरा भित्रा निघाला, हे त्याच्याच तोंडून ऐकायची हौस कुणाला असते? लग्नाला एवढी वर्षं झाली होती. ह्या माणसाने एकदा सापाला हाताने धरून परसातून बाहेर नेलेलं मी पाहिलं होतं. मी स्वतःची समजूत घातली, की साप वेगळा आणि नदी वेगळी. 

मग जनरलसाहेबांकडून चहाचं बोलावणं आलं. रविवारी चार वाजता, दोघांनी यावं.

फौजेत ह्याचाही एक अर्थ असतो. साहेबाने ऑफिसात बोलावलं तर हुकूम मिळतो, मेसमध्ये गाठलं तर सल्ला मिळतो, आणि बायकोला घेऊन घरी चहाला ये म्हटलं, की जे तुझ्याकडून होत नाही ते तिच्याकडून करून घेणार असं समजायचं. मला ते पुरतं ठाऊक होतं, आणि माझी त्याला काही हरकत नव्हती. मी मोरपंखी इरकल नेसले, मोत्याच्या कुड्या घातल्या आणि आरशासमोर उभी राहून दोनतीन वाक्यं घोळवली. त्या बंगल्यात मी जनरलच्या बाजूने जात होते. ह्यांच्या जुन्या फियाटमध्ये बसताना मी म्हणाले, “आज मी बोलणार. तुम्ही मधे पडू नका.”

“बरं,” हे म्हणाले.

जनरल भंडारी वाईट माणूस नव्हते, हे आधीच सांगते. उंच, शांत, कधी आवाज चढवायचे नाहीत. बंगल्यापुढच्या हिरवळीवर वेताच्या खुर्च्या मांडल्या होत्या, कडेने शेवंतीच्या कुंड्या होत्या. मिसेस भंडारी मला कुंड्या दाखवायला म्हणून बाजूला घेऊन गेल्या आणि शेवंतीकडे बघत म्हणाल्या, “पुरुष हट्टी असतात हो. आपणच समजून सांगावं लागतं. तुमची मुलगी आता कॉलेजात जाईल. कर्नल झाले की पुण्याला बदली मिळवता येईल.”

“मी बोलते त्यांच्याशी,” मी म्हणाले. आणि मनापासून म्हणाले.

परत येऊन बसलो. चहा आला, पनीरची गरम भजी आली, केक आला. जनरलसाहेबांनी बोलणं सुरू केलं. बोलणं अर्थात हिंदी-इंग्रजीत, पण मला आठवतं ते आपल्या भाषेतच.

“मिसेस इंगवले, तुम्ही शाळेत शिकवता. एखाद्या मुलाने चूक कबूल केली तर तुम्ही त्याचे मार्क कापता का?”

“नाही सर,” मी म्हणाले. “उलट शाबासकी देते.”

“ऐकलंस, उदय?”

ह्यांनी चहाचा घोट घेतला.

“पूल पडला का? नाही पडला. रात्रभर उभा होता. सकाळी रणगाडे गेलेच की त्याच्यावरून.”

“सर, रात्रीत आम्ही खुंट उपटून नव्या जागी ठोकले. ते ठोकले म्हणून सकाळी गेले.”

“पण पडला नाही ना?”

“पडला असता तर माझं म्हणणं पटलं असतं का, सर?”

“उदय,” जनरलसाहेब म्हणाले. नुसतं नाव घेतलं, पण त्यात दटावणी होती. मी ह्यांच्याकडे डोळे वटारून पाहिलं.

“हे बघा,” जनरलसाहेब माझ्याकडे वळले, “सोंधी तापट आहे, मला मान्य आहे. त्याने जरा जास्तच लिहिलं. पण मिसेस इंगवले, तुमच्या नवऱ्यानेही त्याला डिवचायला काही कमी केलं नाही. तो रागाच्या भरात म्हणाला, तुमच्या रीतीप्रमाणे तू स्वतः बस पहिल्या रणगाड्यात. झालं. रागात माणूस बोलतो. ह्याने ‘नाही सर’ म्हणून गप्प उभं राहावं की नाही? त्याने जवानांसमोर असं उत्तर दिलं, की सोंधीला तोंड दाखवायला जागा राहिली नाही. तुम्हाला माहीतच असेल ते.”

“नाही सर,” मी म्हणाले. “मला माहीत नाही.”

“घरी सांगितलं नाही? ह्याने टोपी काढून हातात घेतली, रणगाड्याच्या दिशेने निघाला आणि म्हणाला, मी बसतो सर, आत्ता बसतो. पण चालवणार कोण? त्याला मी काय सांगून पुलावर नेऊ?” जनरलसाहेबांनी कप खाली ठेवला. “ही काय ब्रिगेडियरशी बोलायची पद्धत झाली?”

माझ्या हातातलं भजं हातातच राहिलं.

“पुन्हा सांगता का, सर?” मी म्हणाले.

मी शरमले असं त्यांना वाटलं असावं. त्यांनी पुन्हा सांगितलं, आणि ह्या वेळी जरा सावकाश. मी बसतो सर. पण चालवणार कोण? त्याला मी काय सांगून पुलावर नेऊ?

मी ह्यांच्याकडे पाहिलं. हे शेवंतीच्या कुंड्यांकडे बघत होते आणि ह्यांचे कान लाल झाले होते. चोरून खाताना पकडलेल्या माणसासारखा चेहरा. मला एकाच वेळी त्या माणसाला मिठी मारावीशी वाटली आणि समोरची चहाची किटली त्याच्या डोक्यात घालावीशी वाटली.

“म्हणजे बसायला हे नाही म्हणाले नव्हते,” मी जनरलसाहेबांना विचारलं.

“नाही, नाही. बसायला तर निघालाच होता. पण सोंधी म्हणाला, जाऊ दे, बंद ठेव तुझा पूल. आणि पाय आपटत निघून गेला.”

“मग ‘स्वतःवर जोखीम घेण्याची तयारी नाही’ हे त्यांनी कशावरून लिहिलं?”

मिसेस भंडारींनी बशी पुढे केली. “केक घ्या ना, मिसेस इंगवले. घरी केलाय.”

“सर, हे उत्तर अर्जात नाही,” मी म्हणाले. अर्जाचा मसुदा मीच टाइप केला होता. त्यात खुंट होते, माती होती, दोरांचे ताण होते, वजनाचे आकडे होते. हे नव्हतं.

“नसलेलंच बरं,” जनरलसाहेब म्हणाले. त्यांचा आवाज अजूनही मऊ होता. “मीच त्याला म्हटलं होतं, ते बाहेर ठेव. ते कागदावर आलं तर अर्ज राहील बाजूला आणि वरिष्ठाशी उद्धटपणा केला म्हणून ह्याचीच चौकशी लागेल. आता शेऱ्यावर भागलंय. मग नोकरीवर येईल. मी तुमच्या भल्याचं सांगतोय. ते उत्तर विसरा, ते एक वाक्य लिहा. मी शब्द देत नाही, पण पुढच्या वर्षी आपण ह्याच हिरवळीवर कर्नल इंगवलेंसाठी चहा घेऊ.”

त्यांनी फसवलं नसतं, हे मला आजही वाटतं. ते वाक्य लिहिलं असतं, तर तो चहा झाला असता. पुणं मिळालं असतं. मेजावरची वरची जागा मिळाली असती. आणि सरकारी कागदावर कायमचं राहिलं असतं, की उदयसिंह इंगवले यांनी पूल बंद केला ती त्यांची चूक होती. पुढच्या खेपेला कुठल्याशा नदीवर दुसरा कुणी पूल बंद करायला निघाला, की त्याला हाच कागद दाखवला असता. इंगवले बघ, शहाणा होता, त्याने कबूल केलं.

“सर,” मी म्हणाले, “मघाशी तुम्ही मला विचारलंत. चूक कबूल केली तर मी मार्क कापत नाही. पण बरोबर उत्तर खोडून त्या जागी चूक लिही, असं मी अजून कुठल्या मुलाला सांगितलेलं नाही. घरी तरी कसं सांगू?”

मिसेस भंडारींच्या हातातली बशी तशीच राहिली.

जनरलच्या घरी यजमानीणबाई उठल्याशिवाय पाहुण्यांनी उठायचं नाही, अशी पद्धत आहे. नव्या नवरीला छावणीत पहिल्यांदा हीच शिकवण मिळते. मी उठले. पदर सावरला, “भजी छान झाली होती” म्हणाले, आणि चालायला लागले. मागे ह्यांच्या टाचा जुळल्याचा आवाज आला. सलाम करून हे माझ्यामागे निघाले.

गाडी फाटकाबाहेर पडेपर्यंत मी दम धरला. मग मात्र माझं कागल बाहेर आलं.

“एवढं दिस मूग गिळून का बसला हुता? आँ? सगळी छावणी मला सांगत्या, तुझा नवरा भ्याला, तुझा नवरा भ्याला. आन् तुमी बूट पुसताय!”

“तू विचारलंस, बसलात का. मी नाही म्हणालो. नव्हतोच बसलो.”

“आन् फुडचं कोण सांगणार? सोंधी?”

“पुढचं काय सांगायचं त्यात?” ह्यांना खरंच कळत नव्हतं. “कुणीही तेच म्हणाला असता.”

“कुणीही? मग त्या कुणाला तरी कर्नल करायचं हुतं की! जे झालेत ते म्हणाले असते व्हय?”

गाडी छावणीच्या रस्त्याने हळू चालली होती. दोन्ही बाजूंना चुन्याने रंगवलेले दगड. बाहेर सगळं कसं सरळ रेषेत.

“कोण होता तो?” मी जरा वेळाने विचारलं.

“कोण?”

“चालवणारा.”

“माहीत नाही. रणगाडे दुसऱ्या रेजिमेंटचे होते. झाकणातून डोकं बाहेर काढून आमच्याकडे बघत होता. काय बोलतोय ते त्याला ऐकूही जात नसणार, इंजिनाचा आवाज केवढा.”

“नाव?”

“विचारलं नाही.”

“म्हणजे त्याला अजून ठाऊकच नाही?”

“काय ठाऊक असायचं? पूल बंद झाला, त्याने चहा प्यायला असेल.”

मला हसू आलं आणि डोळ्यांत पाणीही आलं. पदराने मी दोन्ही पुसलं.

“ते उत्तर अर्जात घालायचं,” मी म्हणाले. “जसंच्या तसं.”

“ऐकलंस ना ते काय म्हणाले? अर्ज हमखास फेटाळला जाईल. वर चौकशी. पेन्शनपर्यंत जाऊ शकतं हे प्रकरण. मुलीचं शिक्षण आहे. तू विचार कर.”

“मी केला विचार. तुम्ही तुमचा करा.”

ह्यांनी गाडी रस्त्याच्या कडेला घेतली. स्टिअरिंगवर हात ठेवून बराच वेळ समोर बघत राहिले. समोर कवायतीचं रिकामं मैदान होतं. मी एक शब्द बोलले नाही, आणि माझ्या बाबतीत ही काही लहान गोष्ट नव्हती.

“टाइपरायटरला नवी रिबन आहे का घरात?” हे म्हणाले.

त्याच संध्याकाळी आम्ही बसलो. हे सांगत होते, मी टाइप करत होते. ह्यांचं सुरू झालं, “‘असे अर्जदाराने ब्रिगेडियरसाहेबांच्या निदर्शनास आणून दिले.’”

“निदर्शनास काय आणलंत? विचारलंत ना?”

“फौजी पत्रात असंच लिहितात.”

“लिहू देत. मी ‘विचारले’ टाइप करणार.”

“बरं. पण वर ‘आदरपूर्वक’ पाहिजे.”

“घाला की. आदराने काही बिघडत नाही.”

ते उत्तर एका ओळीत एकटंच आलं. मागेपुढे काही सफाई नाही, माफी नाही. ह्यांनी नेहमीसारखी वळणदार सही केली आणि शेवटी टिंब दिलं.

जनरल भंडारींनी अर्ज वर पाठवला, पण शिफारस केली नाही. रस्त्यात भेटले तर नमस्कार करायचे, चहाला पुन्हा कधी बोलावलं नाही. चौकशीची टांगती तलवार वर्षभर डोक्यावर होती. दारात जीप थांबली की मी आधी पडद्याआडून बघायची. पण चौकशी लागली नाही. लागली असती तर साक्षीपुरावे झाले असते, आणि मग ‘इंगवले तुम्हाला नेमकं काय म्हणाले?’ ह्या प्रश्नाला सोंधींनाच सगळ्यांसमोर उत्तर द्यावं लागलं असतं. ते त्यांना नको होतं.

मी मात्र ते उत्तर छावणीभर केलं. बायकांच्या मंडळात तंबोला चालला होता. आकडे मिसेस सोंधी पुकारत होत्या. मिसेस थापरनी माझ्या कानाशी लागून विचारलं, “तुमच्या अर्जाचं काय झालं हो?” मी कानात उत्तर दिलं नाही. चांगल्या वर्गात शिकवायच्या आवाजात दिलं. सोंधीसाहेब काय म्हणाले, हे काय म्हणाले, टोपी कुठे होती, सगळं सांगितलं. सांगून झाल्यावर म्हणाले, “हं, मिसेस सोंधी, पुढचा आकडा?” त्यांनी आकडा पुकारला खरा, पण एकीनेही तो खोडला नाही.

वर्षाने नकार आला. ‘अर्जात तथ्य आढळत नाही.’ ह्यांनी तो वाचला, घडी घातली आणि म्हणाले, “संपलं. चहा टाक.”

“ह्याच्या वर कोण आहे?” मी विचारलं.

“वर आता सरकार. पण कुमुद, काही उपयोग नाही. खालून सगळ्यांनी नाही म्हटल्यावर दिल्लीत कोण हो म्हणणार आहे? वय निघून चाललंय. आता कुणी मला कर्नल करत नाही.”

“मला कर्नल नकोच आहे आता.”

“मग कशाला लिहायचं?”

“लिहायचं. खाली ज्यांनी नाकारलं, त्यांना नाकारायच्या आधी ते वाचावं लागलं ना? तुमचं उत्तर? आता वरच्यांनीही वाचू दे. प्रत्येक टेबलावरच्या साहेबाने वाचू दे. तुम्हाला भित्रा म्हणायचं असेल तर ते वाचून म्हणू दे.”

हे उठून स्वतःच चहा टाकायला गेले. परत आले तेव्हा मी टाइपरायटरमध्ये कागद घातला होता.

सरकारकडून यायला आणखी वेळ लागला. तोवर आमची तिथून बदली झाली होती, आणि हे लेफ्टनंट कर्नल म्हणूनच निवृत्त होणार हे उघड होतं. मेजावर मी खालच्या अंगाला बसायची आणि तिथून मला सगळ्यांच्या गप्पा उत्तम ऐकू यायच्या. एक दिवस दुपारी लांबट लिफाफा आला. हे ऑफिसातून आले नव्हते, तरी मी फोडला. हे आले तेव्हा मी तो घेऊन दारातच उभी होते.

“काय आहे?” हे म्हणाले.

मी वाचून दाखवलं. “‘आपला अर्ज काळजीपूर्वक वाचण्यात आला.’”

“पुढे?”

“पुढे काही नाही.”

ह्यांनी कागद माझ्या हातातून घेतला आणि उरलेलं वाचलं. “कुमुद, नकार आहे हा.”

“असू दे,” मी म्हणाले. “वाचला म्हणतात ना?”